पाटी कुणी फिरवायची?

माझ्या कपाटात, जुनी पासबुकं आणि गॅसची पुस्तकं ठेवलेल्या खणात, एक निळी प्लास्टिकची पाटी आहे. परीक्षेला मुलं नेतात तसलं पॅड, वर चिमटा. चिमट्यात एक कागद आणि कागदावर चौदा चौकोन आखलेले. प्रत्येक चौकोनात फ्लॅटचा नंबर, त्याखाली कुणाचा शिक्का, कुणाची सही. गुडगावच्या गोल्फ कोर्स रोडजवळ आमच्या सोसायटीत जपानी कुटुंबांची चौदा बिऱ्हाडं होती, तेव्हाची ही पाटी. जपानीत तिला 'कैरानबान' म्हणतात. कैरान म्हणजे एकाने वाचून पुढच्याकडे देणं, बान म्हणजे फळी. आलेली पाटी वाचायची, आपल्या चौकोनात शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारात नेऊन द्यायची.

चिमट्यातला कागद मार्च २०२०चा आहे. त्यावर तीन सूचना आहेत. चैत्री नवरात्रात मांसाची दुकानं बंद राहतील, आधी आणून ठेवा. शाळेच्या बसची वेळ दहा मिनिटांनी बदलली आहे. बाराव्या मजल्यावरचं कुटुंब परत जातंय, त्यांचा भाताचा कुकर आणि इस्त्रीचं टेबल कुणाला हवं असेल तर सांगा. पहिल्या सहा चौकोनांत शिक्के आहेत. सातवा कोरा आहे.

मी मूळची पुण्याची. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले ते नोकरी मिळेल म्हणून, आणि १९९६ साली लग्न होऊन दिल्लीला आले. दिल्लीकरांना तेव्हा गुडगाव म्हणजे मारुतीचा कारखाना एवढंच माहीत होतं. मला तिथेच दुभाष्याचं काम मिळत गेलं. कारखान्यातलं कमी, घरांतलं जास्त. नव्याने आलेल्या जपानी बाईंना घेऊन डॉक्टरकडे जायचं, बँकेत जायचं, कामवाल्या बाईशी आणि ड्रायव्हरशी बोलणं लावून द्यायचं, 'पंखा बंद करो' इतपत हिंदी शिकवायचं. तीस वर्षांत शेकडो स्वयंपाकघरांत उभी राहिले. जपानी घर कसं बदललं याबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेलं आहे. मी ते या पाटीवरून सांगणार आहे, कारण ते मला तिच्यावरूनच उलगडलं.

ही पाटी आली कुठून? मला वाटायचं, काहीतरी पुरातन, खेड्यातली रीत असणार. एका बाईंना विचारलं तर त्यांनाही तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात तिचा आजचा साचा युद्धातला आहे. जुन्या एदो काळात पाच-पाच घरांचे गट होते आणि एकाच्या गुन्ह्याला सगळे जबाबदार धरले जात, हे खरं. पण ११ सप्टेंबर १९४०ला जपानच्या गृहखात्याने हुकूम काढला आणि देशभर 'तोनारिगुमी' म्हणजे शेजारगट बांधले. साधारण दहा घरांचा एक गट. रेशन वाटायचं गटामार्फत, युद्धरोखे खपवायचे गटामार्फत, हवाई हल्ल्यात आग विझवायला बादल्यांची रांग लावायची तीही गटानेच. आणि कोण काय बोलतं यावर लक्षही गटानेच ठेवायचं. सरकारचा हुकूम दारोदार पोचवायला ही पाटी फिरायची. पुरुष आघाडीवर किंवा कारखान्यात, तेव्हा पाटी बायकांच्या हातात आली. युद्ध हरल्यावर, १९४७मध्ये, दोस्तराष्ट्रांच्या अंमलात हे गट बेकायदा ठरले. १९५२ला अंमल संपला आणि तेच गट 'चोनाइकाइ' म्हणजे गल्लीमंडळं म्हणून उघडपणे उभे राहिले. हेरगिरी गेली, कचऱ्याचे वार आणि उन्हाळ्याच्या जत्रेची वर्गणी राहिली. पाटी मात्र तीच, आणि हातही तेच.

त्याच युद्धाच्या दिवसांत दिल्लीत जपानी घरांची एक वस्ती होती, हे मला फार उशिरा कळलं. डिसेंबर १९४१मध्ये जपान ब्रिटनविरुद्धही युद्धात उतरला आणि ब्रिटिशांनी मलाया-सिंगापूर भागात राहणाऱ्या जपानी नागरिकांना धरलं. न्हावी, फोटोग्राफर, दुकानदार, रबराच्या मळ्यांवरची माणसं, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. अशा दोन हजारांहून अधिक माणसांना जहाजांनी हिंदुस्थानात आणून दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूंमध्ये ठेवलं. आयुष्य उष्ण प्रदेशात काढलेली माणसं दिल्लीच्या थंडीत आणि मग दिल्लीच्या लूमध्ये. बरीच तिथेच दगावली. काहींची १९४२मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटका झाली, उरलेल्यांना १९४३मध्ये राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत हलवलं. चार वर्षांनी त्याच किल्ल्यात फाळणीचे निर्वासित येऊन पडले आणि आधीच्या तंबूंची आठवण पुसली गेली. मी कितीतरी जपानी बायकांना तो किल्ला दाखवायला नेलंय. शेरशाह सांगितला, हुमायून जिन्यावरून पडला ते सांगितलं, तळ्यातल्या होड्या दाखवल्या. त्याच हिरवळीवर त्यांच्याच भाषेत कुणी मुलांना निजवलं होतं, हे ना मला ठाऊक होतं ना त्यांना.

आता शब्दांकडे येते, कारण दुभाष्याला घर आधी शब्दांतून दिसतं. मी काम सुरू केलं तेव्हा जपानी बायका नवऱ्याचा उल्लेख 'शुजिन' असा करायच्या. अक्षरशः अर्थ मालक. पहिल्यांदा ऐकलं आणि मला साताऱ्याकडच्या आमच्या आत्याबाई आठवल्या. त्याही म्हणायच्या, "मालक शेतावर गेलेत." जपानी नवरा बायकोला 'कानाइ' म्हणायचा, म्हणजे घराच्या आतली. आपल्याकडे जुनी माणसं 'आमचं कुटुंब' म्हणत त्याच जातीचा शब्द. आणि दुसऱ्याच्या बायकोला 'ओकुसान'. ओकु म्हणजे घराचा सगळ्यात आतला भाग, माजघर. म्हणजे सबंध वाडाच भाषेत बांधलेला. दाराशी मालक, माजघरात बाई.

हा वाडा फार जुना आहे असं दिसतं. पण तो कायद्याने बांधला तो १८९८ साली. त्या वर्षीच्या नागरी संहितेने 'इए', म्हणजे घराणं, हे कायद्याचं एकक केलं. घराण्याचा एक प्रमुख, वारसा थोरल्या मुलाचा. तिशीच्या आतल्या मुलाला आणि पंचविशीच्या आतल्या मुलीला आईबापांच्या संमतीवाचून लग्न नाही. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय महत्त्वाचा व्यवहार नाही. ही रीत आधी सामुराई घरांची होती, कायद्याने ती कुणबी-कोळ्यांनाही लागू केली. अर्धं शतक ती चालली. मग नव्या राज्यघटनेच्या चोविसाव्या कलमाने नवरा-बायकोचे हक्क सारखे केले. त्या कलमाचा मसुदा लिहिणारी बेआटे सिरोटा तेव्हा अवघी बावीस वर्षांची होती. जपानमध्ये वाढलेली, घरकामाच्या बायकांकडून त्यांची सुखदुःखं ऐकलेली. ३ मे १९४७ला घटना अमलात आली आणि घराणं कागदावरून गेलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. नवरा-बायकोचं आडनाव एकच असलं पाहिजे, हा नियम तसाच राहिला. कोणाचं घ्यायचं ते जोडप्याने ठरवावं असं कायदा म्हणतो, पण शंभरातल्या पंचाण्णव जोडप्यांत आडनाव बाईचंच जातं. २०१५ला आणि पुन्हा २०२१ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनेला धरून आहे असा निवाडा दिला.

मला हे जवळचं वाटतं, कारण माझं तर पहिलं नावही गेलं. लग्नात ताम्हणात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्या तांदळांचा दुसऱ्या दिवशी भात झाला असेल, पण माझ्या प्रमाणपत्रांवर एक बाई आणि रेशनकार्डावर दुसरी असा घोळ पुढे वीस वर्षं चालला.

आपलं आणि जपानी घराचं हे साम्य नुसतं योगायोगाचं नाही. मधे एक पूल आहे आणि तो धोंडो केशव कर्व्यांनी बांधलाय. तोक्योमध्ये नारुसे जिन्झो यांनी १९०१ साली स्त्रियांचं विद्यापीठ काढलं. बाईला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून, मग नागरिक म्हणून शिकवायचं, असा त्यांचा क्रम होता. त्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका कुणा स्नेह्याने कर्व्यांना पाठवली. आधी ती नुसतीच पडून होती. १९१५च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं तेव्हा भाषणाच्या तयारीत ती पुन्हा हाती लागली, आणि १९१६ला हिंगण्याच्या माळावर आपलं महिला विद्यापीठ सुरू झालं. शिक्षण मातृभाषेतून, आणि विषयांत गृहजीवनशास्त्र, आरोग्य. माझी आई कर्वे रोडच्या एस.एन.डी.टी.मध्ये शिकली. घरखर्चाची वही ती अशी ठेवायची की ऑडिटर लाजावा. पुढे जपानी बायकांच्या हातात 'काकेइबो', घरखर्चाची छापील वही, पाहिली. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४मध्ये ती पहिल्यांदा काढली. तोच रकाना, तीच आठवड्याची बेरीज. 'चांगली पत्नी, शहाणी आई' हा त्या काळच्या जपानचा मंत्र होता. त्याने बाईला शाळेत नेलं आणि शाळेतून पुन्हा स्वयंपाकघरात आणून सोडलं. आमच्या पुण्यातही फार वेगळं झालं नाही.

घराणं कागदावरून गेल्यावर त्याची जागा कंपनीने घेतली. १९५१ साली सरकारी वसाहतींसाठी एक नकाशा तयार झाला, पस्तीस चौरस मीटरचा. आपल्याकडच्या वन रूम किचनपेक्षा किंचित मोठा. त्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरातच जेवणाचं टेबल बसवलं, म्हणजे झोपायची आणि जेवायची जागा निराळी झाली. १९५५ला गृहनिर्माण महामंडळ निघालं आणि अशा घरांच्या वसाहती, 'दांची', शहरांभोवती उभ्या राहिल्या. त्यात सासू-सासऱ्यांना जागाच नव्हती. नवरा सकाळी लोकलने जाणार, रात्री उशिरा येणार. बायको, दोन मुलं, धुलाईयंत्र, फ्रिज, टीव्ही. आज ज्याला लोक 'पारंपरिक जपानी कुटुंब' म्हणतात ते हे. त्याचं वय माझ्या थोरल्या दिरांच्या वयाएवढं आहे.

हेच घर गुडगावला आलं. मारुतीचा सुझुकीशी करार ऑक्टोबर १९८२मध्ये झाला, १४ डिसेंबर १९८३ला पहिली मारुती बाहेर पडली. एकच गणवेश, साहेब आणि कामगार एकाच कँटीनमध्ये, सकाळी कवायत, या गोष्टींची तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा झाली. त्या गणवेशाला घरी इस्त्री कोण करतं, याची झाली नाही. सुरुवातीची जपानी बिऱ्हाडं दक्षिण दिल्लीत वकिलातीच्या आसपास होती. मग मानेसरला कारखाने आले, ग्रेटर नोएडात होंडाची गाडी निघू लागली, २००६मध्ये जपानशी झालेल्या करारानंतर राजस्थानातल्या नीमराण्याला जपानी कंपन्यांसाठी वेगळं औद्योगिक क्षेत्र झालं. गुडगावचे टॉवर वाढत गेले आणि कुटुंबं तिकडे सरकली.

इथे एक मजेदार गोष्ट घडली. जपानमध्ये ते जुनं घर तोवर बदलायला लागलं होतं. १ एप्रिल १९८६ला तिथे नोकरीतल्या समान संधीचा कायदा अमलात आला. त्याच महिन्यात निवृत्तिवेतनाचा नवा नियमही आला, की नोकरदाराच्या घरी बसणाऱ्या बायकोला स्वतःचा हप्ता न भरता पेन्शन मिळेल. एका हाताने बाईला ऑफिसात बोलावलं, दुसऱ्या हाताने घरात बसायला बक्षीस दिलं. तरी १९९०च्या दशकात दोघं कमावणारी घरं एकट्या कमावत्याच्या घरांपेक्षा जास्त झाली, आणि आज दुपटीहून अधिक आहेत. गुडगावात मात्र जुनं घर मुरंब्यासारखं टिकून राहिलं. कारण साधं. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या जोडीदाराला इथे पगारी काम करता येत नाही. ओसाकात फार्मसीत उभी राहणारी, नागोयात बँकेत बसणारी बाई इथे विमानातून उतरली की ओकुसान व्हायची. ड्रायव्हर, कामवाली, बंद गेट, आणि सबंध दिवस.

त्या रिकाम्या दिवसांतून या बायकांनी जे उभं केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पाटी हा त्याचा फक्त दिसणारा भाग. तिच्याबरोबर 'रेनराकुमो' असायचं, म्हणजे निरोपाचं जाळं. एका कागदावर वंशवेलीसारखी रेघोट्यांची आकृती. कोणी कोणाला फोन करायचा हे ठरलेलं, शेवटच्या बाईने उलट पहिलीला कळवायचं की निरोप पोचला. शाळेची बस वसंत कुंजच्या वाटेवर अडकली, कुठे दंगा झाला, की वीस मिनिटांत चौदा घरांना पत्ता. नवीन कुटुंब आलं की त्यांनीच शेजारी जाऊन छोटी भेट द्यायची, बहुतेक टॉवेल नाहीतर बिस्किटं. कुणी जपानहून आलं की बॅगेतल्या मिसोचे आणि समुद्रशैवालाचे वाटे पडायचे. याला 'ओसुसोवाके' म्हणतात, आपल्याला आलेल्यातला काठ शेजाऱ्याला. डेंग्यू झालेल्या बाईच्या मुलांचे डबे तीन आठवडे तीन घरांनी वाटून घेतलेले मला आठवतात. जपानी डबा म्हणजे काय असतं हे ज्याने पाहिलंय त्यालाच त्यातली मेहनत कळेल. अंड्याची चौकोनी सुरळी, तिचे दोन बोटांचे काप, भाताच्या मुठी, प्रत्येक पदार्थाला वेगळा कागदी वाडगा. आणि पहाटे पाचला उठून.

हे सगळं गोड होतं असं मात्र म्हणणार नाही. नवऱ्याचा हुद्दा बायकांच्या जेवणातही यायचा. विभागप्रमुखाची बायको बसल्याशिवाय कुणी बसत नसे, आणि तिने 'उकडतंय' म्हटलं की सगळ्यांना उकडायचं. एक तरुण मुलगी माझ्याकडे हिंदी शिकायला यायची ती हिंदीसाठी नव्हेच. एक तास तिला कुणाची बायको न होता बसायला मिळायचं. पाटी वेळेवर पुढे गेली नाही की 'कोणाकडे अडकली' याची चौकशी व्हायची, आणि त्या चौकशीत १९४०चा वास यायचा.

मग घरं सुटी व्हायला लागली. त्यातलं एक कारण कागदावर साधं दिसतं. परदेशातली जपानी शाळा बहुतेक ठिकाणी सक्तीच्या शिक्षणापुरती, म्हणजे नववीपर्यंत. दिल्लीचीही तशीच. मूल पंधरा वर्षांचं झालं की पुढच्या शाळेसाठी आई त्याला घेऊन जपानला परतणार, बाप इथे एकटा. याला 'तानशिन फुनिन' म्हणतात, एकट्याची बदली. पूर्वी हे पंधराव्या वर्षी व्हायचं. मग बायकांच्या नोकऱ्या सुटेनाशा झाल्या, तेव्हा पहिल्या दिवसापासूनच व्हायला लागलं. दोन खोल्यांच्या सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये राहणारा, रविवारी व्हिडिओवर मुलीचा अभ्यास घेणारा बाप. त्याच्या दारात पाटी ठेवली तर ती सोमवारपर्यंत तिथेच.

आणि २०१८च्या सुमाराला आमच्या टॉवरमध्ये एक उलटं बिऱ्हाड आलं. बाई इंजिनिअर, रोज नीमराण्याला जाणाऱ्या. नवरा जपानमधल्या एका नगरपालिकेत कारकून, रजा घेऊन बरोबर आलेला. जोडीदाराची परदेशी बदली झाली तर सरकारी नोकराला नोकरी न सोडता तीन वर्षांपर्यंत रजा मिळावी, असा कायदा तिथे २०१४ला अमलात आला होता. त्यांच्यासाठी पहिलंच काम निघालं ते एका कचेरीत नोंदणीचं. बाईंच्या पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव, आणि कंपनीत वापरतात ते माहेरचं कंसात. खिडकीतल्या भल्या माणसाने पासपोर्ट उलटसुलट केला आणि मला विचारलं, "मॅडम, ये ब्रॅकेटवाली दूसरी औरत कौन है?" मी म्हटलं, "भाईसाहब, वही है. शादी से पहले की." त्याने मान हलवली, पण दुसऱ्या बाईचा दाखला मागितलाच. चार फेऱ्या झाल्या. मी मनात म्हटलं, तुमच्याकडे निदान कंसात तरी ठेवतात, आमच्याकडे तांदळात गेलं.

त्या गृहस्थांना बायकांच्या महिन्याच्या जेवणाला बोलवायचं की नाही यावर बराच खल झाला. शेवटी बोलावलं. आता त्यांना म्हणायचं काय? बाईच्या नवऱ्याला आदराने 'गोशुजिन' म्हणतात, मालकसाहेब. टेबलाभोवती दहा ओकुसान आणि एक मालकसाहेब, हातात घरी केलेलं लोणचं. कुणाला बोलवेना. तेच हसून म्हणाले, "घराच्या आत मीच असतो, तेव्हा कानाइ मीच." त्यानंतर जेवण सुरळीत झालं. पुढच्या आठवड्यात पाटीच्या एका चौकोनात पहिल्यांदा पुरुषाच्या हातचा शिक्का उमटला. आडनाव दोघांचं एकच, त्यामुळे कागदावर काहीच फरक दिसत नाही. मला ठाऊक आहे म्हणून मला दिसतो.

मार्च २०२०मध्ये कंपन्यांनी कुटुंबांना परत बोलावलं. आठवड्याभरात सहा घरं रिकामी झाली. पाटी ज्यांच्याकडे होती त्या बाई विमानतळावर निघण्यापूर्वी माझ्या दारात ती ठेवून गेल्या, "परत आलो की देता का?" २०२१च्या वसंतात दुसरी लाट आली आणि उरलेली घरंही गेली. पुढे माणसं परतली, पण बरीचशी एकटीदुकटी. आता 'लाइन' या ॲपवर ग्रुप आहे. सूचना क्षणात सगळ्यांना जाते, वाचलेल्यांचा आकडाही दिसतो. पण पाटी द्यायला दार वाजवावं लागायचं, आणि दार उघडल्यावर समोरचीचा चेहरा दिसायचा. सुजलाय का, रडलीय का, घरात औषधाचा वास येतोय का. तो चेहरा ग्रुपवर येत नाही.

जपानमध्येही गल्लीमंडळांना माणसं मिळत नाहीत. २०१०मध्ये एनएचके या तिथल्या वाहिनीने नात्यागोत्याबाहेर पडलेल्या, एकट्याने मरणाऱ्या माणसांवर कार्यक्रम केला तेव्हा देश हादरला होता. २०२०च्या जनगणनेत तिथली अडतीस टक्के घरं एका माणसाची निघाली. तरुणांना शेजार नको झालाय, बायकांना घर नको झालंय, अशी हळहळ दोन्ही देशांत ऐकू येते. माझं म्हणणं निराळं आहे. शेजार ही हवा नव्हती की आपोआप असावी. ते काम होतं. पाटी फिरवणं, वाटे घालणं, आजाऱ्याचा डबा, कुणाचं कोणाशी बिनसलंय ते सांभाळून घेणं. ते रोज दुपारी कुणीतरी करत होतं, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे पगार नसलेली, घरी असलेली बाई. बाई ऑफिसला गेली ते योग्यच झालं. तिच्या जागी त्या दुपारी कोण उभं राहणार, हे मात्र कुणी ठरवलं नाही. घर, कंपनी, सरकार, कुणीच नाही.

आमच्या दिल्लीच्या मराठी संसारात हेच झालं. सासूबाईंचं आयुष्य सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात गेलं. हळदीकुंकवाची यादी त्यांच्या डोक्यात पाठ. कोण कोणत्या ब्लॉकात, कोणाला यंदा बोलवायचं नाही कारण घरात सुतक, कोणाची मुलगी नूतन मराठी शाळेत, कोणाला पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात खोली मिळवून द्यायची. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, साखर का होईना घालायची, हा त्यांचा कायदा. त्यांच्यानंतर ती यादी माझ्याकडे यायला हवी होती. मी तेव्हा दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत दुभाषेगिरी करत होते. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण यादी माझ्याकडे आली नाही, हे खरं.

गेल्या गणपतीत मात्र एक झालं. माझे गुडघे दुखत होते आणि आमचे हे निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. मी मोदक केले, डबे भरले आणि ती निळी पाटी त्यांच्या हातात दिली. मागच्या कोऱ्या बाजूला आमच्या मजल्यांवरची चौदा दारं लिहिली होती. बंगाली, पंजाबी, तमिळ, दोन जपानी. म्हटलं, द्या आणि खूण करा. कुरकुरत गेले.

परत आले तेव्हा घामाघूम. नऊ खुणा होत्या, पाच दारं बंद. चारशे दोनमधले सरदारजी एकटेच असतात आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हे आम्हाला माहीतच नव्हतं. सहाव्या मजल्यावर नवीन आलेल्या जपानी मुलीने डबा तिथल्या तिथे धुऊन, पुसून, त्यात तांदळाच्या चार कुरकुरीत चकत्या घालून परत दिला होता. तिची भाषा येत नसताना आमचे हे तिच्याशी दहा मिनिटं बोलले म्हणे.

मग खुर्चीत बसले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "दीड तास गेला. एवढा वेळ लागतो याला?"

मी त्या चकत्यांचा डबा उघडला आणि त्यांच्यापुढे ठेवला.